दावणीला बांधलेलं जहाज

ये, अशी जवळ बस. आणि आधी तो फोन पालथा घाल. तुझा नवरा जहाजावर चढून तीन आठवडे झाले, आणि मला ते कळलं कुणाकडून, तर इथल्या देवळात भेटणाऱ्या एका बाईकडून. तिची भावजय पनवेलला तुमच्याच सोसायटीत राहते म्हणे. सख्खी मावशी मी, आणि मला बातमी मिळते देवळाबाहेर चपला शोधताना. फोन केला तर तू म्हणतेस, "मावशी, तुला कशाला या वयात काळजी." या वयात दुसरा उद्योग काय असतो गं? जहाज कुठे निघालंय तेही मी चिमटे काढून काढून वदवून घेतलं. गयानाला, तेल भरायला. एवढं बोललीस आणि लगेच म्हणालीस, "पण सगळं ठीक आहे हं."

त्या 'सगळं ठीक'साठी हे लिहायला बसलेय. तू पनवेलला, मी सिंगापुरात, पण तू समोर चटईवर बसलीयस असं मी धरून चालते. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे. मराठी मी पुढे वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून पक्कं केलं, आणि इंग्रजी इथल्या लिफ्टजवळच्या पाट्या वाचून. इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घे.

आमच्या सासरी, रत्नागिरीकडे, घरटी एक माणूस बोटीवर. तिथे एक नियम होता. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. बोटीवर वाईट बातमी जाऊ द्यायची नाही. माणूस तिकडे पाण्यात, त्याच्या हातात काही नाही, मग त्याच्या जिवाला घोर कशाला लावा. माझे सासरे वारले तेव्हा तुझे काका बोटीवर होते. उतरायला पाच महिने बाकी होते. दर पंधरा दिवसांनी घरून पत्र जायचं आणि ते लिहायचं माझ्याकडे, कारण घरात अक्षर माझंच बरं. "बाबांची तब्येत बरी आहे. खोकला कमी आहे." मेलेल्या माणसाचा खोकला मी पाच महिने कमी करत होते. तुझे काका उतरले ते बाबांसाठी रेडिओ घेऊन. तो रेडिओ त्यांनी बाबांच्या फोटोखाली ठेवला आणि माझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले. मला कळेना, नियम तर मी पाळला होता, मग माझं चुकलं काय.

पुढे ते इथल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागले आणि आम्ही सेम्बावांगला आलो. अकराव्या मजल्यावरचा हा फ्लॅट. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाण्याचा एक पट्टा दिसतो आणि पलीकडची जमीन मलेशियाची. तिकडचे दिवे लागले की मी कुकर लावते.

इथे मी आणखी एक नियम शिकले. यार्डात काही वाईट झालं की कंपनीची माणसं घरी येतात, आणि ती नेहमी दोघं येतात. एकटा कुणी येत नाही. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक तमिळ बाई राहायची. एका सकाळी तिच्याकडे दोघं आले, खोचलेले शर्ट, एकाच्या हातात फाइल. तिने आधी त्यांना सरबत दिलं. ते ग्लास हातात धरून बसले. मी दारातून बघत होते. ते सरबत कुणी प्यायलं नाही, एवढंच मला अजून दिसतं. तेव्हापासून लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी पावलं मोजते. एकाची असली की श्वास सोडते. तुझे काका गेले ते हॉस्पिटलात, अंथरुणावर, माझा हात धरून. तरी ही सवय सुटली नाही, कारण तोवर तुझा दादा, माझा मुलगा, इंजिनियर होऊन त्याच धंद्यात शिरला होता.

त्याचं जहाज तुझ्या नवऱ्याच्या जहाजासारखं नाही. ते कुठे जातच नाही. समुद्राच्या तळातून तेल वर काढायचं, पोटात साठवायचं, आणि तुझ्या नवऱ्याच्या जहाजासारखी जहाजं आली की त्यांच्यात भरून द्यायचं. गाय दावणीला बांधावी तसं ते तळाशी बांधून ठेवतात, वर्षानुवर्षं. त्याच्यावरची यंत्रं इथे सिंगापुरात चढवली. तेव्हा तुझा दादा सकाळी त्या जहाजावर जायचा आणि संध्याकाळी घरी येऊन जेवायचा. मला वाटायचं, हे काम कधी पुरं होऊ नये. पण ते झालं, जहाज गयानाला गेलं आणि त्याच्यामागे तोही. चार आठवडे तिकडे, चार आठवडे घरी.

गयाना कुठे आहे ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते मला एका मुलीने जेवणाच्या ताटात दाखवलं.

जहाजाचं काम इथे चालू असताना गयानाची काही माणसं काम शिकायला आली होती. त्यातली ही एक, तिशीची, कंट्रोल रूममध्ये बसणारी. एका रविवारी तुझ्या दादाने तिला जेवायला आणलं. दारात चपला काढून ती मला सरळ म्हणाली, "आजी." मला वाटलं, नातीने शिकवलं असणार. तर नाही. तिच्या खापरपणज्याला कधीकाळी उसाच्या मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून बोटीने नेलं होतं. भाषा गेली, पण रोटी राहिली, डाळ राहिली आणि आजी राहिली. बापाच्या आईला ते लोक अजून आजीच म्हणतात. मग दर रविवारी यायला लागली. माझी पोळी उजेडात धरून म्हणायची, "आजी, पीठ संपलं होतं का?" तिची रोटी ती तव्यावरून उचलून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्यासारखी झोडपायची, की पदर सुटतात. माझं स्वयंपाकघर पिठाने पांढरं. तुझी वहिनी म्हणायची, आई, तुम्ही माझ्याकडून चमचाभर सांडलं तर बोलता.

तर ते ताट. तिने भाताचा ढीग सपाट केला आणि बोटाने त्यात रेघ ओढली. रेघेच्या एका बाजूला मोठा वाटा, दुसऱ्या बाजूला लहान. "हा सगळा माझा देश. आणि हा मोठा वाटा म्हणजे एसेक्विबो. माझ्या आईचं घर इथे, भाताच्या शेतात." मग वरणाची वाटी सरकवत आणली आणि मोठ्या वाट्याला टेकवली. "हा शेजारी, व्हेनेझुएला. तो म्हणतो, हा वाटा माझा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आजी. तो दिला तर माझ्याकडे बघ काय उरतं." आणि उरलेला तो कोपरा तिने एका घासात खाऊन दाखवला.

ती परत गेली. तिची आणि तुझ्या दादाची पाळी एकाच जहाजावर पडायची. आणि मग बातम्या यायला लागल्या. शेजाऱ्याने आपल्या लोकांचं मतदान घेतलं की एसेक्विबो आपला करायचा का. नवा नकाशा काढला, त्यात तो वाटा आपल्यात धरून टाकला. नातीने मला तो फोनवर मोठा करून दाखवला. भातात ज्या जागी मुलीने बोट ठेवलं होतं, तिच्या आईचं घर, तेही त्यात गेलेलं. नात म्हणाली, "ॲनेक्स म्हणजे काय, आजी?" तिला मराठी शब्द हवा होता. मी म्हटलं, बांध कोरणं, पण एका नांगरटीत सगळं शेत.

तुझा दादा त्या वेळी घरी होता आणि पुढच्या आठवड्यात त्याचं विमान होतं. मी म्हटलं, "जाऊ नकोस."

"आई, मी चढलो नाही तर माझ्या जागेवरचा उतरेल कसा? त्यालाही आई आहे."

 मी उठून बॅगेत लाडूचा डबा भरला.

आमच्या ब्लॉकखाली कॉफी शॉप आहे. तिथे एक म्हातारा चिनी अंकल बसतो, पूर्वी टगबोटीवर होता. त्याला मी विचारलं, एवढासा देश, एवढा मोठा शेजारी, आता हे करणार काय?

अंकल इथल्या लोकांसारखा शेवटी 'लाह' लावत म्हणाला, "ऑन्टी, स्मॉल कंट्री दुसरं काय करणार. कोर्टात जाणार लाह. आम्ही नाही गेलो? मलेशियाशी एका खडकासाठी भांडत गेलो. वर जहाजांसाठी दिवा, बाकी सगळी पक्ष्यांची घाण."

"मिळाला?"

"खडक मिळाला. त्याच्या बाजूचा गेला त्यांच्याकडे. कोणी कोणाला मारलं नाही. नंतर मी पलीकडे जोहोरला जाऊन त्यांच्याच पंपावर पेट्रोल भरून आलो. स्वस्त."

त्याच्या बोलण्याने मला थोडं बरं वाटलं, आणि मी त्या देशाच्या बातम्या नेमाने ऐकायला लागले. कोर्टात ते आधीच गेलेले होते, सगळ्या देशांचं जे मोठं कोर्ट आहे तिथे. कोर्टाने सांगितलं, निकाल लागेपर्यंत आहे ते बदलू नका. आणि हा छोटा देश दारोदार सांगत सुटला. आसपासच्या बेटांना सांगितलं, मोठमोठ्या देशांना सांगितलं, जगाच्या सभेत जाऊन सांगितलं. हातात काठी नाही, पण तोंड बंद नाही. आणि तरी शेजाऱ्याच्या अध्यक्षाने भेटू या म्हटल्यावर त्यांचा अध्यक्ष एका बेटावर जाऊन त्याच्याशी हात मिळवून आला. एकमेकांवर बळ वापरणार नाही, असं दोघांनी लिहून दिलं.

मला तुझ्या आजोबांची आठवण झाली. आपला वरचा बांध शेजारी दर नांगरटीला वीतभर कोरायचा. तो तालेवार, पाच भाऊ, आणि आपले आजोबा एकटे. त्यांनी कधी कुऱ्हाडीला हात लावला नाही. पण बांध कोरलेला दिसला की त्याच दिवशी पारावर, पिठाच्या गिरणीत, तलाठ्याकडे, सगळीकडे सांगून यायचे, किती वीत आणि कुठल्या दगडापासून. मला शरम वाटायची. वाटायचं, काय हे रडगाणं गावभर. आणि संक्रांत आली की त्याच शेजाऱ्याकडे तिळगूळ घेऊन जायचे. तुझ्या आईला विचार, तीही बरोबर असायची, फ्रॉकची झालर चघळत.

बेटावरचा तो करार झाला आणि मी समजले, सुटलो. पुढे वर्षभर मी देवासमोर त्या देशाचं नाव घेतलं नाही. तिथेच चुकलं.

तो शनिवार होता. रात्रीचे नऊ वाजून गेले असतील. तुझी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती, मी थालीपीठ लावत होते. नात स्वयंपाकघरात आली, फोन पुढे केला आणि हळूच म्हणाली, "आजी, बाबाच्या शिपजवळ त्यांची बोट आली." शेजाऱ्याची हत्यारबंद गस्तीची बोट. तेल काढणाऱ्या जहाजांजवळ आली आणि वायरलेसवरून सांगत फिरली, की हे पाणी वादातलं आहे. बातमी पाच ओळींची होती. मी ती तीनदा वाचली.  पळू शकेल असं जहाज असतं तर गोष्ट वेगळी. हे तर बांधलेलं.

"आईला सांगू नकोस," मी नातीला म्हटलं. थालीपीठ करपलं ते मीच खाल्लं, कुणी विचारू नये म्हणून.

जेवणं आटोपता आटोपता तुझ्या दादाचा व्हिडिओ कॉल आला. हसरा चेहरा. "सगळं ठीक, आई. आज नाश्त्याला मासा तळला होता मस्त." मी म्हटलं, "इथेही सगळं ठीक." त्या आठवड्यात माझा रक्तदाब इतका चढला होता की तुझ्या वहिनीने मला दोनदा पॉलिक्लिनिकमध्ये नेलं होतं, गोळी बदलून दिली होती. ते त्याला सांगायचं नाही असं मीच बजावलं होतं. म्हणजे बघ, फोनवर तिघं माणसं, तिघंही एकमेकांची तोंडं बघत खोटं बोलतायत, आणि चौथी नात, ती पाणी पितेय.

फोन ठेवला आणि खरी भीती तेव्हा लागली. कारण बोट आल्यावरही ज्याने 'सगळं ठीक' म्हटलं, तो उद्या काय झालं तरी तेच म्हणणार. मग मला कळणार कसं? त्याचं 'ठीक' आता खोट्या नाण्यासारखं झालं होतं. रविवारी फोन आलाच नाही. मी मेसेज टाकला, त्यावर एकच टिक. जहाजं दाखवणारं ॲप असतं ना, तेच तूही बघत असशील दिवसभर, ते मी उघडलं. त्याच्या जहाजाची खूण आपल्या जागी होती. पण ती नेहमीच तिथे असते. आणि गस्तीची बोट काही आपली खूण दाखवत फिरत नाही. ज्याची भीती ते त्यात दिसतच नाही. मी फोन ठेवायची आणि उचलायची. तुझी वहिनी आली की टीव्ही बदलायची. तीही फोन घेऊन न्हाणीघरात जायची, पण मला वाटलं, ऑफिसचं काम.

सोमवारी सकाळी तुझी वहिनी रॅफल्स प्लेसला बँकेत निघायच्या तयारीत होती. मी देवाजवळ दिवा लावत होते. लिफ्ट थांबली. पावलं आली. एकाची नाहीत. मी वात हातात धरून उभी राहिले. पावलं आमच्या दारापाशी थांबली.

आमचं लाकडी दार उघडंच असतं, बाहेरची लोखंडी जाळी तेवढी लावलेली. जाळीपलीकडे दोघं. खोचलेले शर्ट, गळ्यात कार्डं, एकाच्या हातात फाइल.

"ऑन्टी, गुड मॉर्निंग. गेट उघडता का?"

मी उघडलं नाही. मी पुढे गेले आणि दोन्ही हातांनी जाळी आतून धरली, घट्ट. माझ्या डोक्यात एकच होतं, की आत आले नाहीत तर त्यांना सांगता येणार नाही. आणि सांगितलं नाही तर झालेलं नसेल.

"ऑन्टी?"

"नको," मी मराठीत म्हणाले. "सरबत नाहीये घरात."

तेवढ्यात तुझी वहिनी केस बांधत बाहेर आली. तिने त्या दोघांकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि ती भिंतीला टेकली. तोंड पांढरंफटक. मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं, मग ती का अशी झाली, हा विचार त्या वेळीही माझ्या मनात येऊन गेला. माणूस काय असतं बघ.

फाइलवाला गोंधळून गेला. तो जरा मोठ्याने म्हणाला, "ऑन्टी, मॉस्किटो चेकिंग. डेंग्यू. तुमच्या कुंड्यांत पाणी साठलंय का ते फक्त बघायचंय."

तुझी वहिनी तिथेच जमिनीवर बसली, ऑफिसच्या कपड्यांत, आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मी जाळी उघडली. ते दोघं बिचारे पाय न वाजवता आत आले, तुळशीच्या ताटलीत बॅटरी मारून पाहिली, थँक्यू म्हणाले आणि गेले. ताटलीत पाणी होतं. ते त्यांनी स्वतःच ओतून दिलं, मला काही बोलले नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं?" तुझ्या वहिनीने विचारलं.

"शनिवारपासून. आणि तुला?"

"शनिवारपासून. तुमचं बीपी वाढेल म्हणून..."

"तुला कुणी सांगितलं?"

दोघींनी एकदम नातीच्या खोलीकडे पाहिलं. ती दारात दप्तर घेऊन उभी होती. म्हणाली, "आजी म्हणाली आईला सांगू नको. आई म्हणाली आजीला सांगू नको. यू टू आर क्रेझी लाह." आणि शाळेत गेली.

तुझ्या वहिनीने त्या दिवशी ऑफिसला कळवून टाकलं, येत नाही. आम्ही दोघी चहा घेऊन स्वयंपाकघरात बसलो आणि मी त्या गयानाच्या मुलीला मेसेज केला. नातीने मला बोलून पाठवायचं शिकवलंय, तसं बोलले. पोरी, तू आणि तो बरे आहात का, आणि मला खरं सांग.

अर्ध्या तासाने तिचा आवाज आला. इंग्रजी तिचं गाण्यासारखं असतं, मी तुला आपल्या भाषेत सांगते. ती म्हणाली, "आजी, ते आले होते. मी कंट्रोल रूममध्येच होते आणि वायरलेसवर त्यांचं बोलणं आमच्या कानावर येत होतं. घाबरले मी. आम्ही त्यांचा शब्दन् शब्द वेळेसकट लिहून काढला आणि किनाऱ्यावर कळवला. त्याच दिवशी आमचे अध्यक्ष सगळ्या देशासमोर बोलले. त्यांच्या राजदूताला बोलावून जाब विचारला. कोर्टाला कळवलं, बेटांना कळवलं, मोठ्या देशांना कळवलं. आमचं विमान येऊन फिरून गेलं. कुणी गोळी झाडली नाही, बोट निघून गेली. माझ्या आईलाही मी हेच सांगितलं. तुझा मुलगा बरा आहे, काल दिवसभर इंजिनाकडे होता, इथलं नेटही बंद होतं. आजी, आम्ही लहान देश. आम्हाला गुपचूप घाबरणं परवडत नाही."

ते शेवटचं वाक्य मी तुझ्या वहिनीला दोनदा लावायला लावलं. पहिल्यांदा मला माझ्या पत्रातला सासऱ्यांचा खोकला आठवला. दुसऱ्यांदा गिरणीत उभे राहून बांधाची मापं सांगणारे तुझे आजोबा.

तुझ्या दादाचा फोन संध्याकाळी आला. तो "सगळं ठी" एवढं म्हणेपर्यंत मी त्याला थांबवलं.

"मासा तळला होता की नव्हता?"

तो म्हणाला, "तळला होता गं, आई. खरंच. पण कुणी खाल्ला नाही."

"मला पॉलिक्लिनिकमध्ये नेलं होतं. दोनदा. गोळी बदललीय."

  त्याने विचारलं, "किती होतं?" मी आकडा सांगितला. त्याने नाक ओढलं, मोठा माणूस, दोन पोरांचा नाही पण एका पोरीचा बाप. म्हणाला, "मी घाबरलो होतो, आई. आम्ही सगळे डेकखाली होतो आणि मला सारखं वाटत होतं, हे बांधलेलं आहे, हे बांधलेलं आहे."

मी त्याला 'ये' म्हणाले नाही. जिभेच्या टोकावर होतं. पण त्याला सोडवायला येणारा अजून दहा दिवसांनी चढणार होता. मी म्हटलं, "रोज सांग. बोट आली तर आली सांग, नाही तर नाही सांग. मीही सांगेन." त्या दिवशी आमचा करार झाला, बेटावर न जाता. मला सांगितलं की माझं बीपी वाढतं, हे खरं आहे. पण त्या जाळीला धरून उभी होते तेव्हा वाढलं होतं तेवढं नंतर कधी वाढलेलं नाही.

भीती गेली असं समजू नकोस. कोर्टाचा निकाल लागला नाही अजून, आणि लागला तरी तो मोठा शेजारी मानेल न मानेल, कुणाला ठाऊक. तुझा दादा परवा परत निघतोय. त्याची बॅग दारात आहे, आणि कालपासून लिफ्ट थांबली की माझे कान टवकारतात, मी पावलं मोजते. पण आता मला एवढं माहीत आहे की लिफ्टमधल्या माणसांच्या आधी मला तो सांगेल.

आणि म्हणून तुझा राग आला. तुझा नवरा त्याच पाण्यात जाणार, कदाचित माझ्याच मुलाच्या जहाजाला लागून उभा राहणार, आणि तू पनवेलच्या घरात दार लावून ते ॲप बघत बसतेस आणि मला म्हणतेस सगळं ठीक. तुझ्या सासूबाईंना सांगितलंयस का? नसणारच. त्यांनाही माहीत असेल, बघ विचारून.

तुझा नवरा तिकडे असेपर्यंत तू इथे ये. सासूबाईंनाही आण, माझ्या खोलीत दोन गाद्या मावतात. विमानतळावर तुझी वहिनी येईल, नाही जमलं तर एमआरटीत बस आणि सेम्बावांगला उतर, मी स्टेशनच्या तोंडाशी उभी असेन. येताना आमसुलं आण आणि थालीपिठाची भाजणी. बोट जवळ आली तर आपण दोघी एकत्र घाबरू, उघड उघड, थालीपीठ न करपवता. तिकीट काढलंस की कळव. लवकर ये.